पारेवरचं वाचन

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कोकणातल्या एक बाई होत्या. त्या समुद्राच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी आमच्या गावचा तलाव मध्ये घुसवायचे. "लाटा येतात का तुमच्या तलावाला?" त्या विचारायच्या. लाटा येत नाहीत, पण शिंगाडे येतात, असं मी ठणकावून सांगायचे. त्यांच्या समुद्रात शिंगाडे होत नाहीत म्हटल्यावर तो विषय तिथंच संपायचा.

जिल्हा फुटला तेव्हा माझी नोकरी गोंदियाकडे गेली आणि माय भंडाऱ्याकडे राहिली, सानगडीजवळच्या आमच्या गावात. सुटीला घरी आले की पहाटे आम्ही दोघी तलावाच्या पारेवर फिरायला जायचो. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध, चांगला मैलभर लांब. एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला, खाली, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. त्या वेळी तिथं चिटपाखरू नसायचं.

आश्विन पौर्णिमेसाठी मी रजा टाकून आले होते. पावसाळा सरला की तलाव ओळखू येत नाही. श्रावणातलं लाल गढूळ पाणी नितळतं, काठच्या गवताला पांढरे तुरे येतात. पहाटे पाय दवानं ओले होतात आणि नऊ वाजले की ऊन पाठ भाजायला लागतं. लवकर येणारा हलका धान पिवळा होऊन कापणीला आलेला असतो. उशिरा येणारा भारी धान अजून हिरवाच, नुकता निसवलेला. त्याचा वास पारेवर येतो. मला त्या दिवसांत उगाचच पळावंसं वाटतं. चाळिशी जवळ आली तरी वाटायचं, आणि कोणी बघत नसलं तर मी थोडी पळूनही घ्यायचे.

त्या दिवशी तर पळायला कारणच होतं. संध्याकाळी माय विहारात वाचणार होती.

वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचणारा समोर चटईवर बसतो, पुढ्यात चौरंगावर ग्रंथ असतो आणि बाकीचे ऐकतात. वाचायला कायम शिकलेले पुरुष, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुली. यंदा गुरुजींनी, म्हणजे वाचनाचं सगळं बघणाऱ्या निवृत्त मास्तरांनी, शेवटच्या दिवसाचं वाचन मायला दिलं होतं. माय पन्नाशीनंतर साक्षरता वर्गात अक्षरं शिकली. दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी-कापणी करणारी बाई पौर्णिमेच्या दिवशी अख्ख्या गावासमोर बसून वाचणार म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर नव्हते. ऑफिसात मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

सरावासाठी ग्रंथ पदराखाली घेऊन आलो होतो. उजाडलं तशी माय चालता चालता वाचू लागली. ओळीखाली बोट, आवाज खणखणीत, एकदाही अडखळणं नाही. माझ्या अंगावर काटा आला. मग तिनं पान उलटलं. पावसाळ्याच्या ओलीनं पानं एकमेकांना चिकटली होती, एकाऐवजी दोन उलटली गेली. वाचन मात्र कुठंही न तुटता तसंच पुढं चाललं. मी वाकून पाहिलं. माय जे वाचत होती ते त्या पानावर नव्हतंच.

"माय, हे कुठं लिहिलं हाये?"

"हे काय, अठीच त हाये."

"अठी नाई. तू दोन पानं पुढं गेलीस."

मायनं ग्रंथ मिटला. चोरी पकडली गेल्यासारखी नाही, भाकरी झाल्यावर तवा उतरवावा तशी. "शेवटच्या दिवसाचं वाचन मी वीस-पंचवीस सालापासून आयकून राहिली. पाठच झालं. मंग पाठ हाये त कायले वाचाचं? लोकायले त आयकूच येनार."

मी भडकले. माझा राग म्हणजे उतू जाणारं दूध, फुंकर मारायला वेळच मिळत नाही. ही फसवणूक आहे म्हणाले, गुरुजींना काय वाटेल म्हणाले, साक्षरता वर्ग कशाला केला म्हणाले. माय शांतपणे म्हणाली, "रोवनीचे गाने म्हनतो आमी, तवा कोनी पुस्तक नाई मांगत."

"तुले वाचता येते का नाई, येवढं सांग."

"येते. पन लय टाइम लागते." ती पाण्याकडे बघत राहिली. "एकेका ओळीले इतका टाइम लागते, का लोक उठून जातीन."

आम्ही चालत राहिलो. पण माझा राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर राग मला माझाच आला होता, ऑफिसात मारलेल्या बढायांचा.

पारेच्या टोकाला गुरुजी भेटले, हातात काठी, गळ्याशी मफलर. मायला बघून म्हणाले, "बाई, तुमच्याकडेच येनार होतो. विहाराचं छत गळलं तवा वाचन बंद होतं ना, आपन एक भाग मागं हावो. आज भंतेजी येऊन राहिले, शेवटचा भाग तेच वाचतीन. तुमी त्याच्या आधीचा वाचा." त्यांनी ग्रंथ घेतला, जागा काढली, पानात गवताची काडी ठेवली, ग्रंथ मायला परत दिला आणि निघून गेले.

माय काडीकडे बघत उभी राहिली. हा भाग तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. दरसाल पौर्णिमेच्या आदल्या दिवसांत हलक्या धानाची कापणी असते. मजुरीच्या बाया सांजेपर्यंत शेतात असतात, त्या दिवसांत विहारात पुरुष आणि म्हातारी माणसंच. पौर्णिमेला मात्र सगळ्याच बाया कापणी बंद ठेवून येतात. म्हणून शेवटचं वाचन मायला पाठ होतं आणि त्याच्या आधीचं कोरं.

"मी वाचते तुझ्याऐवजी," मी म्हणाले.

"काहून? नाव माहं सांगतलं हाये." मग ग्रंथ माझ्या हातात देऊन, "तू वाच, मी पाठ करीन. सांजेवरी होते."

झालं, मी वाचायला लागले आणि माय मागून म्हणायला लागली. त्या भागात एका आजारी भिक्खूची गोष्ट होती. तो आपल्याच घाणीत पडून होता, बोलवायची ताकद नाही आणि जवळ कोणी येत नाही. तेवढ्यात तथागत त्याच्या दाराशी येऊन उभे राहिले. इथपर्यंत आलो आणि पाण्यातून आवाज आला, "मावशी, मंग त्या आजाऱ्याचं काय झालं?"

काठाजवळच एक माणूस डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होता. आम्ही वळून त्याच्यापासून लांब निघालो होतो, म्हणून त्याच्या कानावर गोष्ट अर्धीच पडली होती.

माझ्यातला राग अजून शिल्लक होताच. मी ग्रंथ मिटला, मायच्या हातात दिला आणि त्या माणसाला म्हटलं, "इले विचारा. आज इचीच पाळी हाये."

मायनं माझ्याकडे असं पाहिलं की लहान असते तर चापट बसली असती. पण तो माणूस वाट बघत होता. आणि मला तेव्हा जाणवलं की मायलाही ठाऊक नव्हतं पुढं काय झालं ते. ग्रंथातली गोष्ट आणि ती मायला ठाऊक नाही, असं मी प्रथमच बघत होते. तिनं काडीचं पान काढलं. बोट ठेवलं. आता ते बोट सरकत नव्हतं, एकेका अक्षरावर रुतून बसत होतं. ओठ हलले, थांबले, परत हलले. दोन ओळींना इतका वेळ लागला की डोंगा वाऱ्यानं सरकत पुढं गेला आणि त्या माणसाला वल्हवून मागं यावं लागलं.

आणि मग मायनं मान वर केली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"पानी आनाले सांगतलं त्यायनं!" ती त्याला ओरडून म्हणाली. "सोताच आंग धुतलं त्याचं!"

"सोता?" तो माणूस म्हणाला.

"हो ना बापा, अठी लिहिलं हाये."

मला नाचावंसं वाटलं. आता पाठ करायचं नावही माय काढेना. पारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो अर्धं पान व्हायचं, परत येताना उरलेलं अर्धं. कुठं अडली की मी सांगायला तोंड उघडायचे आणि ती हातानंच गप्प करायची. ऊन चढलं, दव वाळलं, शिंगाडेवाला ओंजळभर शिंगाडे काठावर ठेवून गेला. आम्ही ते सोलून खाल्ले आणि परत निघालो. पाच खेपा झाल्या असतील. माझ्या टाचा दुखायला लागल्या होत्या. माय पुढं चालत होती, मी मागं, आणि मला इतका आनंद झाला होता की मी तिला दोनदा धडकले.

संध्याकाळी पांढरं पातळ नेसून माय चटईवर बसली. विहार भरून गेला होता, कापणीच्या बाया दारापर्यंत बसल्या होत्या. भंतेजींच्या वंदनेनंतर गुरुजींनी खूण केली. मायनं काडी काढून बाजूला ठेवली आणि पहिलं अक्षर उच्चारलं.

हळू. फारच हळू. पारेवर वाटलं होतं त्याहून हळू. पहिल्या ओळीनंतर लोक एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्या ओळीला मागच्या रांगेतला एक जण उठला. मायनंही त्याला उठताना पाहिलं, पण बोट ओळीवरच ठेवलं. तो माणूस भिंतीपाशी गेला, त्यानं पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं पान फडफडत होतं, आणि तो परत येऊन आपल्या जागी बसला.

आश्विनाचा उकाडा होता. घाम यायला लागला, पण कोणी पदरानंही वारा घेत नव्हतं. माय वाचत गेली. पाणी आणायला सांगितल्याच्या जागी तिच्या आवाजात सकाळचीच घाई आली आणि पुढं एका जोडाक्षरापाशी ती अडली. एकदा म्हणून पाहिलं, चुकलं. परत केलं, परत चुकलं. शब्द मला येत होता, जिभेवर होता. मी हाताची मूठ दातांत धरली. चौरंगाजवळ बसलेले गुरुजी पुढं वाकले, सांगू का, असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं.

मायनं ग्रंथावरून नजर न काढता सगळ्या गावाला सांगितलं, "थांबा. वाचून राहिली मी."

आणि आम्ही सगळे थांबलो.