मे महिन्यातली ओहोटी

‘मिनी’ या शब्दावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. कुठं चार झाडं दिसली की मिनी महाबळेश्वर, जरा धुकं पडलं की मिनी काश्मीर. आमच्या जालना जिल्ह्यात गोदावरीवर बंधारा झाला, मागं पाणी तुंबलं, तर लगेच फलक लागला: मिनी कोकण. का? आमच्या पाण्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते? मी पत्रकं लिहिणारी बाई. जुन्या जालन्यातल्या तुंबलेल्या नाल्यांवर लिहिलंय, बायकांसाठी मुतारी नसलेल्या बाजारावर लिहिलंय. पण हा फलक माझ्या सख्ख्या मामानं, स्वतःच्या शेतात, स्वतःच्या हातानं लावलेला. पत्रक काढायचं तरी कुणाविरुद्ध?

मामाचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. गाव वर माळावर सरकलं. मामाच्या जमिनीतलं एक टेकाड तेवढं बाहेर राहिलं. पावसाळा संपला की त्याच्या चारी बाजूंनी पाणी असतं, म्हणून सगळे त्याला बेट म्हणतात. मामानं नाव घेतली, शेतात दोन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. सकाळी नावेतून बेटावर, दुपारी मामीच्या हातचं जेवण, थंडीत हुरडा, संध्याकाळी गावातल्या मंडळींचं भारूड. छोटा धंदा, पण मामा त्यात रमला होता. मला ते आवडायचं. फलक तेवढा सोडून.

मग जालन्याचा एक ठेकेदार आला. त्याला बेट भाड्यानं हवं होतं. तंबू, डीजे, वेगानं पळणारी नाव. अडचण एकच. उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि बेटाचं पुन्हा टेकाड होतं. त्यावर त्याचा तोडगा तयार होता: टेकाडाभोवती खोल चर मारायचा, म्हणजे पाणी बारा महिने राहील. मामानं अर्धा होकार देऊन टाकला होता. मामी एवढंच म्हणाली, “चर नको.”

“का नको?” मामानं विचारलं.

“मे मधी आम्ही बाया देवीला जातो तिकडं.”

“मंग देवीसाठी पूल बांधून मागतो ना मी! त्याचा खर्चा त्यानंच करायचा.”

मामी उठून चुलीकडं गेली. मलाही वाटलं, प्रश्न देवीचाच असणार. मी म्हटलं, मामी, लेखी विरोध करू. ती म्हणाली, “तू जरा दम धर गं बाई. प्रत्येक गोष्टीचा कागद करती तू.”

हे असं अडलेलं असताना कोकणातले काका-काकू आले. आमच्या गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी भाड्यानं राहते, बँकेत आहे. हे तिचे आईवडील. किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचं घर आहे आणि तेही घरी पाहुणेच ठेवतात. मुलीला सुट्टी मिळेना, दोघं खोलीत बसून कंटाळली होती. मी म्हटलं, चला माझ्या मामाकडं. मामीला फोन केला, तर ती किंचाळलीच.

“कोकणातली माणसं घेऊन येऊन राह्यली तू? मिनी कोकणात? काही लाज?”

“फलक मी लावलाय का?”

“तुझ्या मामाला सांगते, झाक म्हणावं त्याच्यावर पोतं.”

मामानं पोतं टाकलं नाही. रविवारी आम्ही अंकुशनगरकडून उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं रखडत पोचलो, तेव्हा तो नवा सदरा घालून फलकाखालीच उभा होता. शेजारी त्यानं हौसेनं लावलेली दोन झाडं. काकांनी फलक वाचला, झाडांना हात लावून पाहिलं.

“हे काय लावलंय?”

“नारळ,” मामा म्हणाला. “तुमच्याकडचाच.”

“आमच्याकडचा नव्हे हो. ह्याला जन्मात नारळ लागायचा नाही. हा शोभेचा पाम आहे.”

मामाचा चेहरा उतरला. “नर्सरीवाल्यानं तर चौथ्या वर्षी फळ म्हणून सांगितल्तं!”

“सांगणारच. त्याला झाड विकायचं होतं,” काका म्हणाले आणि दोघंही हसत सुटले. मामी दारामागं उभी राहून ऐकत होती. ती पदर सावरत बाहेर आली. तिची भीती तिथंच अर्धी गेली असावी.

नावेत आम्ही पाच जण. मामा वल्हवत होता आणि पाहुण्यांना सांगायचं पाठ केलेलं सगळं सांगत होता: हे पक्षी कुठून येतात, ते झाड किती जुनं, पलीकडचा काठ कुठल्या जिल्ह्याचा. काकूंनी ते निमूट ऐकलं. मग पाण्यात बोटं बुडवून त्यांनी विचारलं, “ओहोटी कधी लागते इथं?”

त्यांच्या दृष्टीनं साधा प्रश्न. त्यांच्याकडं भरती-ओहोटी पाहूनच दिवस आखतात. ओहोटीला शेजारणी टोपल्या घेऊन शिंपल्या काढायला जातात, पाहुण्यांना सोबत नेतात.

मामी पटकन म्हणाली, “मे महिन्यात.”

काका इतके हसले की नाव हलली. “वर्षातून एकदा?”

“एकदाच लागती. पण बराबर लागती,” मामी म्हणाली.

काकू हसल्या नाहीत. त्या मामीकडं वळून बसल्या. “मी एक विचारू? आमच्याकडं येणारे लोक विचारतात, तुमची आवडती जागा कुठची. मी त्यांना देऊळ सांगते, किल्ला सांगते, रात्रीचं दशावतारी नाटक सांगते. खरं म्हणजे मला स्वतःला जायचं असतं ते शिंपल्यांना. कंबर मोडते, पण शेजारणींशी मनासारखं बोलता येतं. तुम्ही कुठं जाता गो? पाहुण्यांना नेता ते नको. तुम्ही.”

मामीनं एकदा मामाकडं पाहिलं. मग नावेच्या कडेवरून खाली पाण्याकडं बोट केलं.

“इथंच. आपण आत्ता गल्लीवर आहोत.”

मामाचं वल्हं थांबलं.

तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी, जिला सगळ्यांची गाऱ्हाणी ठाऊक असतात असा माझाच समज आहे, पहिल्यांदा ऐकत होते. मे महिन्यात पाणी मागं जातं, तेव्हा टेकाडाच्या पायथ्याची जुनी गल्ली उघडी पडते. भिंती गेल्या, जोती राहिलीत. गावातल्या बाया आणि सुट्टीत माहेरी आलेल्या लेकी एक दिवस ठरवतात. टेकाडावर देवीला घागरभर पाणी घालून होतं, ते लवकरच होतं. मग जी ती आपापल्या जोत्यावर जाऊन बसते. गठुडं सोडते. भाकरी, ठेचा, कैरीचं काहीतरी. आणि जेवताना एकमेकींना हाका मारतात. अगं ए, मीठ आहे का गं जरा? आहे, पण मागच्या वेळची वाटी दे आधी. मधे भिंत नाही, तरी कुणी दुसरीच्या घरातून आडवी जात नाही. दारातूनच जायचं.

“दार कुठलं?” काकूंनी विचारलं.

“जिथं होतं तिथलं. ठाऊक आहे की सगळ्यांना.” मामी आता थांबत नव्हती. “माझ्या शेजारणीचं अन् माझं मोरीच्या पाण्यावरून भांडण होतं. ती आता मंठ्याला राहती, लेकाकडं. दर साली येती अन् पहिलं तेच काढती. तुमच्या मोरीचं पाणी आमच्या दारात! मी म्हणते, बाई, सगळ्या गावावर पाणी आलं की गं, अजून माझ्या मोरीचंच धरून बसली का? मंग दोघी हसतो. कधी रडतो बी.”

मामा वल्हं मांडीवर घेऊन बसला होता. “हे मला कधी सांगितलं न्हाई तू.”

“तुम्ही कधी विचारलं? तुम्ही बाप्ये गाळावर टरबुजं लावता, तिकडंच असता. म्हणता, बाया देवीला गेल्या.”

“चर कुठून जातो गं मंग?”

“इथूनच.” तिनं पुन्हा खाली बोट केलं. “तुमच्या आईच्या चुलीवरून.”

नाव हळूहळू वाऱ्यानं फिरत होती. माझ्या तोंडाशी आलं होतं ते सगळं: विस्थापितांचा हक्क, स्मृतींवर बुलडोझर, ठेकेदारांची मुजोरी. वाक्यं तयारच होती, माझ्याकडं ती कायम तयार असतात. पण या नावेत त्यांना जागा नव्हती. काकूंनी मामीच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि काका, जे सकाळपासून प्रत्येक गोष्टीवर टोमणा मारत होते, तेही पाण्याकडं पाहत होते. पाण्यात दिसत काहीच नव्हतं. गढूळ पाणी आणि आमच्याच सावल्या.

परतताना काकू म्हणाल्या, “मी मे महिन्यात येते. मला बसू द्याल?”

“बसायला जोतं नको का? माझ्याच घरात बसावं लागंल. पाहुणी म्हणून.”

“भाकरी मी आणते. तांदळाची.”

“आणा. शेजारणीला दाखवते, मोरीचं विसरंल तेवढ्यापुरतं.”

पाहुणे जेवून निघाले. मी राहिले, सकाळच्या गाडीनं जाणार होते. मामावर चिडायचं मी ठरवून आले होते, ते काही जमेना. वाईट माणूस नाही तो. ठेकेदाराच्या भाड्यात लेकाचं शिक्षण सुरळीत झालं असतं, हे त्याला दिसत होतं. ते खोटंही नव्हतं. दिवेलागणीला त्यानंच ठेकेदाराला फोन लावला आणि अंगणात फेऱ्या मारू लागला. फोनमधला आवाज इतका मोठा की आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

“चर न्हाई मारायचा,” मामा म्हणाला. “बाकी सगळं कबूल. अकरा महिने तुमचे. मे आमचा.”

“अहो मामा! मे मधीच तर शाळेला सुट्ट्या! सगळा धंदाच मे चा! मे काढला तर काय थंडीत नाचवू लोकांना?”

“ते तुम्ही बघा. मे न्हाई देता येत.”

“कारण तरी सांगा. देवीचं म्हणता तर पूल देतो म्हटलं ना.”

मामानं चुलीपाशी बसलेल्या मामीकडं पाहिलं. सांगावं कसं, हे त्याला कळेना, ते मला दिसत होतं. अख्खी गल्ली फोनवरून त्या माणसाला कशी दाखवायची?

“घरात पाहुणे आहेत मे मधी,” तो शेवटी म्हणाला.

“एवढ्यासाठी? जल्दी करू नका मामा, विचार करा. दुसरं टेकाड बघेन मी मंग.”

“बघा,” मामा म्हणाला आणि फोन खिशात टाकला. मग आत येऊन धपकन पाटावर बसला. “चांगला सौदा होता. बिलकुल चांगला. गेला.”

मामी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती.

“हसू नको,” मामा म्हणाला.

“मी कुठं हसून राह्यले?” मामी म्हणाली. तिचे खांदे हलत होते.