ट्रकच्या दातांना कुंकू

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या चुलतभावाइतक्या प्रेमाने यंत्र बिघडवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. सत्तरच्या दशकात मानवतला या भाऊजींचा एक जुना पेट्रोलचा ट्रक होता. हंगामात तो कापूस वाही आणि उरलेलं वर्ष दुरुस्तीत काढी. मिस्त्रीला ते बॉनेटला हात लावू देत नसत. "घरच्या लेकराला कोनी दवाखान्यात टाकतंय का?" असं विचारत, आणि खरं म्हणजे लेकरांनाही दवाखान्यात नेत नसत. इंजिनाचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला मला बोलावत, मान डोलावत सगळं ऐकत आणि शेवटी म्हणत, "वैनी, लय झकास लिवलंय. पन त्या सायबानं आपली गाडी कुठं बघितलीय?"

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न गंगाखेडला ठरलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, पोरीला मी माझ्याच ट्रकातून नेणार. निघायच्या दिवशी सकाळी इंजिनात खडखड सुरू झाली. इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंगची साखळी सैल पडली होती. भाऊजींनी जपून ठेवलेली नवी साखळी आणि तिची दोन दातेरी चक्रं काढली. दोन्ही चक्रांवर कारखान्याने कोरलेली एकेक खूण असते, त्या समोरासमोर आणूनच साखळी चढवायची, हे मी दोनदा वाचलं. खुणा ठळक दिसाव्यात म्हणून भाऊजींनी खुणेच्या दोन दातांना देवघरातलं कुंकू लावलं. इथवर ठीक होतं. पण नव्या सामानाची पूजा करताना त्यांना राहवेना. "दोघांलाच कुंकू? बाकीच्या दातांनी काय घोडं मारलं?" म्हणत त्यांनी सगळ्या दातांना कुंकू लावलं, खुणा त्यात बुडाल्या आणि त्यांनी अंदाजाने साखळी चढवली.

ट्रक शिंकला, एक बार काढला आणि गप्प झाला. वऱ्हाडी यष्टीच्या गोष्टी करू लागले. माझ्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींच्या बायको, कडाडल्या, "लगीन पोरीचं हाय का गाडीचं?" तेवढ्यात हळद लागलेली मुलगी बॉनेटपाशी आली. "आबा, म्या तुमच्यासंगंच जानार. पन एकदा पुस्तकात लिवलंय तसं करा की!"

भाऊजींनी जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं. चक्रं रॉकेलने धुतली, खाली कोरलेल्या खुणा सापडल्या, आणि मी वाचत गेले तशी साखळी बसवली. इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं. मुलगी बापाच्या शेजारी बसून गंगाखेडला पोचली, जरा उशिरा, पण थाटात.

परतताना केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. गोदावरीचा पूल ओलांडल्यावर भाऊजींनी ट्रक बाजूला घेतला, इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून उभे राहिले.

"आता काय झालं?" जाऊबाईंनी विचारलं.

"काई न्हाई," आतून उत्तर आलं. "लयच गुमान चालायलीय."

जाऊबाई खाली उतरल्या. त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याही त्या धडधाकट इंजिनात बघू लागल्या.