डॉक्टरांच्या हाताजवळचं पाणी

आमच्या मोठ्या डॉक्टरांना तहान फार, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. दवाखान्यात नंबर देण्याच्या खिडकीशी मी बसते. माझ्या खुर्चीवरून डॉक्टरांच्या खोलीचं अर्धं दार दिसतं आणि त्या दारातून सिस्टर पाण्याचा पेला घेऊन आत जाताना दिसायच्या. बाहेर पेशंट ताटकळलेले, आत कुणीतरी कण्हतंय, आणि या बाई सावकाश पेला सांभाळत चालल्या आहेत! मी एकदा विचारलंही, "सिस्टर, डॉक्टरांच्या पोटात विहीर आहे का हो?" त्या हसल्या नाहीत. माझे विनोद त्यांना आवडत नसत आणि ते त्या लपवतही नसत.

सिस्टर बुटक्या, रुंद बांध्याच्या. ॲप्रनची इस्त्री अशी की कडेने बोट कापावं. दवाखाना उघडला त्या दिवसापासून त्या तिथे. लग्न केलं नाही. भावाच्या घरात वरची एक खोली, आणि तिथे फक्त झोपायला जायचं. भावजय म्हणायची, "वन्संचं सासर दवाखाना आणि माहेरही दवाखानाच, आमच्याकडे त्या पाहुण्या." इंजेक्शन द्यायचा हात इतका हलका की पोर रडायला तोंड उघडायचं तोवर सुई बाहेर आलेली असायची. तोंड मात्र हलकं नव्हतं. औषध अर्धवट सोडणाऱ्यांना त्या सगळ्यांसमोर झापत, मग तो गावातला कितीही मोठा माणूस असो. फक्त एका माणसाला त्या कधी चारचौघांत एक शब्द बोलल्या नाहीत. मोठ्या डॉक्टरांना.

पेल्याची खरी हकिगत मला फार उशिरा कळली, पण ती आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. डॉक्टर नवे होते तेव्हा किडकिडीत, पोरसवदा दिसायचे. लोकांचा विश्वास बसत नसे. एकदा तापाने फणफणलेलं लहान मूल घेऊन घरचे सगळे आले. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. त्या गडबडीत डॉक्टरांनी पोराला मोठ्या माणसाचा डोस लिहिला. सिस्टरांनी तो पाहिला. तोंडाने सांगावं तर मुलाचा आजोबा पोराला उचलून तडक दुसरीकडे जाणार आणि गावभर सांगणार, अशी चिन्हं दिसत होती. सिस्टर बाहेर गेल्या, पेला भरून आणला आणि नेमका त्या कागदावर ठेवला. डॉक्टरांनी पेला उचलला, नजर कागदावर गेली. "पेन बरोबर चालत नाही," म्हणून त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला.

त्या पेल्याबद्दल दोघं एकमेकांशी कधीही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. पण तेव्हापासून पेला कागदावर आला, की डॉक्टर लिहिलेलं पुन्हा वाचायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ सिस्टरांनी जन्मभर झाकून धरली.

अलीकडे पेला जास्त वेळा आत जाऊ लागला होता. मला वाटायचं, उन्हाळा. खरं कारण सिस्टरांना ठाऊक होतं. डॉक्टर थकले होते. एकच गोळी दोन नावांनी दोनदा लिहायचे, डाव्या कानाऐवजी उजव्यात थेंब सांगायचे. सिस्टर निस्तरायच्या. ताकास तूर लागू देत नव्हत्या.

मग डॉक्टरांची सून दवाखान्यात आली. तीही डॉक्टर, मोठ्या हॉस्पिटलात काम केलेली. आम्ही तिला छोट्या मॅडम म्हणायचो. आल्या आल्या तिने दवाखान्याचा दर्जा सुधारायचं काढलं. वापरलेल्या सुयांना जाड डबा आला. लसींच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आलं आणि माझा जेवणाचा डबा बाहेर गेला. हात कसे धुवायचे त्याचं चित्र बेसिनवर लागलं. इतकी वर्षं आम्ही जणू हात वाळूत घासत होतो! पेशंट ओळखीचा असला तरी पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, हा आणखी एक नियम. शेजारच्या घरातल्या दादाला मी जन्मतारीख विचारली तर तो म्हणाला, "अगं, तुझ्या आईला विचार, तिने मला कडेवर घेऊन फिरवलंय." मी कुरकुरत होते. सिस्टर नाही. त्यांनी एकेक नियम असा उचलला, की छोट्या मॅडमच एखादे दिवशी हात धुवायला विसरल्या तर सिस्टर बेसिनकडे बघत उभ्या राहायच्या.

दोन गोष्टी मात्र त्यांच्या गळी उतरल्या नाहीत.

एक म्हणजे सोमवारची बैठक. दवाखाना उघडण्याआधी सगळ्यांनी उभ्या उभ्या जमायचं आणि आठवड्यात काय चुकता चुकता राहिलं ते प्रत्येकाने सांगायचं. कुणाला बोल लावायचा नाही. शिवाय काम चालू असताना कुणाला काही खटकलं तर त्याने मोठ्याने "थांबा" म्हणायचं. समोर कोणी का असेना. मला हे आवडलं. बोलायला मिळतं म्हटल्यावर मला काय, आणि माझ्याकडे चुकांचा तुटवडाही नव्हता. सिस्टरांची पाळी आली की त्या म्हणायच्या, "माझ्याकडे काही नाही." दर सोमवारी तेच. मोठे डॉक्टर कौतुकाने म्हणायचे, "बघा, शिका जरा त्यांच्याकडून!" आणि सिस्टर फरशीकडे बघायच्या.

दुसरी गोष्ट पेला. जखमा बघायच्या, थुंकी-लघवीच्या बाटल्या ठेवायच्या, त्या टेबलावर उघडं पाणी नको, असं छोट्या मॅडम म्हणाल्या. रास्तच होतं. पण कधी नव्हे त्या सिस्टर अडून बसल्या.

"डॉक्टरांना पाणी लागतं."

"अहो, पाणी बंद कुठे करतेय मी? झाकणाची बाटली आणते बाबांसाठी. कायम टेबलावर राहील. तुमच्या फेऱ्याही वाचतील."

फेऱ्या वाचवायच्या होत्या कुणाला? पण ते सिस्टर कशा सांगणार? सांगितलं असतं, तर पेला कशासाठी ते सांगावं लागलं असतं, आणि मग सुनेने सासऱ्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. नंतर मला म्हणाल्या, "त्यांना खुर्चीवरून उठवणारी मी व्हायचं होतं का गं?" बाटली आली. चकचकीत स्टीलची, सुबक. टेबलाच्या कोपऱ्यात बसली. सिस्टरांच्या हातात काही उरलं नाही.

त्यांनी बाटलीवर भागवून पाहिलं. कोपऱ्यातून उचलून कागदावर ठेवायच्या. कधी डॉक्टर वाचायचे, कधी नुसती बाजूला सारायचे. मग सिस्टर पेशंटच्या मागे फाटकापर्यंत जायच्या, "डॉक्टरांनी परत बोलावलंय" म्हणून त्याला वळवायच्या आणि डॉक्टरांना सांगायच्या, "यांना आणखी काही विचारायचंय." सगळा आटापिटा डॉक्टरांचं नाव राखायला. त्या नावावर आम्हा सगळ्यांचंच पोट चालत होतं, हे त्यांच्या मनात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं असेल. पण आधी आलं ते डॉक्टरांचं नाव.

समोरच्या शिंप्याला आम्ही मास्तर म्हणायचो. दवाखान्याचे पडदे, ॲप्रन, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची मागे लागली होती. अशा माणसाला दुखण्यावरच्या काही गोळ्या चालत नाहीत, आतल्या आत रक्त सुटतं. छोट्या मॅडमनी तशा पेशंटांच्या कार्डांवर लाल पट्ट्या लावायला सांगितल्या होत्या, आणि मास्तरांच्या कार्डावरची पट्टी सिस्टरांनीच चिकटवली होती.

मास्तर आले ते खांदा धरून. मशीनवर वाकून वाकून आखडला होता. दोघे म्हातारे जुने दोस्त. आधी गुडघ्यांच्या तक्रारी झाल्या, मग डोळ्यांच्या, मग कोणाला जास्त दुखतं यावर पैज लागल्यासारखं हसणं. कार्ड टेबलावरच होतं, डॉक्टरांनी त्याकडे पाहिलं नाही. बोलता बोलता त्यांनी दुखण्यावरची जोरदार गोळी लिहिली.

सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी बाटली उचलली आणि कागदावर ठेवली.

डॉक्टरांनी झाकण काढलं, पाणी प्यायले, मास्तरांनाही विचारलं, "घेणार का?" झाकण लावून बाटली परत कोपऱ्यात ठेवली आणि सही केली. वर म्हणाले, "मास्तर, तुमची सगळी औषधं मला तोंडपाठ आहेत, काळजी करू नका."

तोंडपाठ आहेत म्हणाले, म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. सिस्टरांनी स्वतःला असं समजावलं. "ओठांपर्यंत आला होता गं शब्द," त्या मला म्हणाल्या, "पण मास्तरांसमोर कसं म्हणू? दोघं इतके खुशीत होते." त्या दिवशी सिस्टर फाटकापर्यंतही गेल्या नाहीत. मास्तर माझ्या खिडकीशी थांबले. नव्या ॲप्रनचं माप मागच्या खेपेला घेतलं होतं, त्यावरून म्हणाले, "तुझी कंबर वाढली की माझी टेप आखडली, ते एकदा ठरवू." मी म्हटलं, "तुमच्या खांद्यासारखी टेपही आखडली असेल." हसत गेले.

आठवडा उलटायच्या आत त्यांना रक्ताची उलटी झाली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

हॉस्पिटलने घरची सगळी औषधं मागवली आणि ती पाहून छोट्या मॅडमना फोन केला. त्यांनी दवाखान्याचं दार लावून घेतलं. मोठे डॉक्टर मास्तरांच्या घरून आणलेला तो कागद डोळ्यांजवळ धरून बसले होते. "माझंच अक्षर आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आणि मग सिस्टर बोलल्या. किडकिडीत पोरसवदा डॉक्टर, आजोबा, पहिला पेला, तिथून पार बाटलीपर्यंत. सोमवारमागून सोमवार गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. छोट्या मॅडम भिंतीला टेकून उभ्या. "पेला का हवाय, एवढंच मी तुम्हाला बसवून विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आधी आधी मला कळायचं, सिस्टर. मग नुसती सवय राहिली. पाणी आलं की कागद वाचायचा. का, तो विचार मागे पडला. पाणी यायचं थांबलं तेव्हा मला वाटलं, आता माझ्या चुका होत नाहीत."

"डॉक्टर, मी..."

"नुसतं थांबा म्हणायचंत. मी रागावलो असतो. चार दिवस बोललोही नसतो तुमच्याशी. पण थांबलो असतो हो मी."

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. सिस्टर येत राहिल्या, छोट्या मॅडमनी त्यांना जाऊ दिलं नाही. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? अजून येतो. एवढी धीट बाई, अख्ख्या गावाला झापणारी, आणि एका शब्दाला घाबरली! तो शब्द बोलली असती, तर मास्तर आज समोरच्या दुकानात सुईत दोरा ओवत बसले असते. असं मनात येतं, आणि लगेच सिस्टरांचे सुजलेले पाय दिसतात, त्यांनी दवाखान्यात उभं राहून काढलेलं सगळं आयुष्य दिसतं, आणि रागाचं काय करावं ते कळत नाही.

काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, छोट्या मॅडमनी भेटून सगळं रीतसर सांगितलं होतं. तरी सिस्टर म्हणाल्या, मला माझ्या तोंडाने सांगायचंय. सोबत मला चल म्हणाल्या. दुकानातच बसलो. लोकांचे शिवून झालेले कपडे दांडीवर तसेच टांगलेले होते, न्यायला यायची लोकांना लाज वाटत असावी. सिस्टरांनी काही हातचं राखलं नाही. मला दिसलं होतं, मी बोलले नाही, असं सरळ सांगितलं. रडल्या नाहीत, माफीसुद्धा मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

काकू साडीचा काठ बोटांनी सारखा करत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्याच दिवशी पोटात आग पडली होती त्यांच्या. म्हणाले, ही नवी गोळी मला चालते ना, जरा विचारून येतो. समोर तर होता दवाखाना. मीच जाऊ दिलं नाही. म्हटलं, डॉक्टरांचं वय झालंय, ते विसरतील एखादे वेळी, पण सिस्टर उभ्या होत्या ना शेजारी? मग विचारायचं काय त्यात?"

काकू रागाने बोलल्या नव्हत्या. घडलं तसं सांगत होत्या. रागाने बोलल्या असत्या, तर सिस्टरांना सोपं गेलं असतं.