रिकामे तळवे

मेलेल्याच्या घरात शिरण्याआधी मावशी उंबऱ्यावर थांबायची, दोन्ही तळवे पुढे करायची आणि म्हणायची, "बघून घ्या, काय नाय हातात." निघतानाही तेच. गावाला सवय होती. मला पहिल्यांदा ते नाटक वाटलं.

बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची ही सुकी मासळी विकणारी बाई. सही म्हणजे अंगठा. पण गावात कुणी अंथरुणाला खिळलं आणि कागद करायची वेळ आली, की 'माझ्यामागं वाटणी हिनं करावी' असं लिहून ठेवायचे. का, ते तुम्हीच सांगा. मयताच्या घरात जाऊन कशालाही हात न लावणारी माणसं तुम्ही किती पाहिलीत? मयतानं मागून आणलेलं जाळं, शेजारणीचं पातेलं आधी ती घरोघर पोचवायची, मग वाटणीचं नाव. नातेवाईक कुरकुरले की विचारायची, "तो आता येऊन देनार हाय का?"

नव्वद सालच्या आसपास मी बोईसरला राहून विधवांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे. पत्रकात सगळी उत्तरं होती आणि ती मला पाठ होती. एका माघात नवापूरचा एक होडीवाला तापानं गेला. मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी. त्याच्याही कागदावर मावशीचंच नाव. तेराव्याला त्याचे दोघे भाऊ उभे राहिले. बायकांना होडी कशाला, आम्हांला द्या, म्हणाले. कसली निर्लज्ज माणसं! मी पालघरच्या कचेरीत द्यायचा अर्ज लिहूनच नेला होता. वारस दोन, बायको आणि मुलगी. फक्त मावशीचा अंगठा हवा होता.

मावशीनं अंगठा दिला नाही. भावांना होडीही दिली नाही. थांबा, एवढंच म्हणाली.

होडी वाळूवर पडून राहिली. उन्हानं लाकूड सुकतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. म्हणून साठी उलटलेली ही बाई रोज सकाळी हंड्यानं समुद्राचं पाणी आणून होडीवर ओतायची, वर झावळ्या टाकायची. भाऊ जाता येता टोमणे मारायचे, "होडीला न्हाऊ घालते काय, मावशी?"

मी त्याहून वाईट बोलले. चैत्रात तिला किनाऱ्यावर गाठलं आणि तोंडावर सांगितलं, की तुम्ही त्या भावांना सामील आहात, एका विधवेचा हक्क अडवून बसला आहात.

तिनं हंडा खाली ठेवला. "पोरी, वारस किती लिवलेस?"

"दोन."

"पोटातला मोजलास?"

पलीकडे ती विधवा काठीवर बोंबील वाळत घालत होती, पदर पुढे ओढून. दिरांच्या भीतीनं तिनं एकट्या मावशीला सांगितलं होतं. मी बाई असून मला दिसलं नव्हतं. "त्याला जल्माला येऊ दे," मावशी म्हणाली. "तवर होडी त्याचीबी हाय." माझ्या पत्रकात ही ओळच नव्हती. अर्ज मी गुपचूप पिशवीत घातला.

नारळी पुनवेच्या आठ दिवस आधी मुलगी झाली. पुन्हा पोरगीच, म्हणून भाऊ हसले. मावशीनं तीन नावांच्या नव्या अर्जावर अंगठा उठवला आणि होडी पाण्यात लोटायला लावली. एकाही फळीतून थेंब आत आला नाही. बाळंतिणीनं सुक्या बोंबलांची जुडी पुढे केली, तर घेईना. "तुझ्या घरातून नाय. बाजारात बस, तितं इकत घेईन." उंबऱ्यावर तळवे दाखवले आणि गेली.

पुढं काही वर्षांनी मावशी वारली, तेव्हा मी मनोरला सभेत होते. पोचले तोवर तिला न्यायची तयारी झाली होती. ओट्यावर तिनं मागून आणलेली एक चाळण, एक कोयता आणि दोन ताटं मांडलेली होती, ज्याची त्यानं ओळखून न्यावीत म्हणून. कुणीतरी तिचे हात छातीवर जोडून ठेवले होते. ती होडीवाली पुढे आली, खाली बसली, जोडलेले हात तिनं हळूच सोडवले आणि दोन्ही तळवे वर करून ठेवले.

"बघून घ्या," ती आम्हां सगळ्यांना म्हणाली.