गोदाकाकूंची अर्धी गोळी

बाजाराला निघण्याआधी गोदाकाकू जुलाब थांबवायची गोळी घेत, आणि तीही पोट अगदी ठीक असताना. शिरपूरच्या कडेला त्यांचा भाजीचा मळा होता. मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन त्या रिसोडच्या बाजाराला जात आणि दिवे लागेपर्यंत पोत्यावर बसून राहत. तिथे बायांना जायला धड जागा नव्हती, आणि भाजी सोडून उठावे तर गाई टपलेल्या. "पोटालेच कुलूप लावलं का दिवसभर निवांत," असे त्या सांगत. ओळीतल्या इतर बायांनीही तो रिवाज उचलला होता.

आमची घरे भिंतीला भिंत लागून, त्यामुळे काकूंची डॉक्टरकी मला रोज ऐकू येई. कमरेच्या पिशवीत चिल्लर, सुपारी आणि गोळ्यांची पट्टी एकत्र नांदत. कुणी पोट धरून आले की काकू पट्टी काढत. ताप आहे का, रक्त पडते का, हे त्या विचारत नसत. मेडिकलवालाही विचारत नसे. बहुतेकांना आराम पडे, लोक दुवा देत आणि काकूंचा स्वतःवरचा विश्वास वाढत जाई. हात सढळ होता, त्यातच सगळी गोम होती.

एका पावसाळ्यात त्यांची दीड वर्षाची नात ईश्वरी जुलाबाने हैराण झाली. अंग तापले होते, शीमध्ये रक्त दिसत होते. सून वंदना दवाखान्यात न्यायचे म्हणत होती. पण दिवस बाजाराचा आणि मेथी खुडून झालेली. वंदना पाणी भरायला गेली तेवढ्यात काकूंनी अर्धी गोळी पाण्यात घोळून पोरीला पाजली आणि समाधानाने बाजाराला गेल्या. जुलाब थांबलेही, ते पाहून वंदनानेही दवाखाना लांबवला. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा पोरीचे पोट ढोलकीसारखे ताणले होते आणि हाक मारली तरी ती डोळे उघडत नव्हती.

वाशीमच्या दवाखान्यात मी सोबत होतो. घरी काही औषध दिले का, असे डॉक्टरांनी विचारले. काकूंचा मुलगा म्हणाला, काही नाही. वंदनाला तर ठाऊकच नव्हते. अशा वेळी माणूस गप्प राहिला तर नवल वाटू नये. काकू पुढे झाल्या.

"म्या देल्ली. जुलाब बंद करायची. अर्धी."

पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांना तेवढा वेळ नव्हता. त्या एका वाक्यामुळे काय करायचे ते कळले, असे ते नंतर म्हणाले. एवढ्या लहान लेकराला ही गोळी द्यायचीच नसते, श्वास मंदावू शकतो. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही मनाने घ्यायची नाही, घाण आतच अडकते. पोरगी वाचली. वंदना बरेच दिवस सासूशी बोलली नाही. मला ते योग्यच वाटले.

काकू त्यानंतर मवाळ वगैरे झाल्या नाहीत. डॉक्टरकी चालूच राहिली, फक्त उलट्या दिशेने. गोळी मागायला आलेल्याला त्या दरडावत, "ताप हाय का? रक्त पडून राह्यलं का? लेकराले पायजे का? मंग दवाखान्यात जाय. तोवर मीठ-साखरेचं पानी पाजत राह्य." बाजारात शेजारच्या शकीलाआपांवर भाजी सोपवून त्या स्टँडवरच्या संडासापर्यंत जाऊन येऊ लागल्या, मग आपा जात. आणि येईल त्याला नातीकडे बोट दाखवून सांगत, "हे पोट्टी दिसते ना? हिलेच देल्ली होती म्या."

पोरीसमोर कायले सांगता, असे मी एकदा म्हटले.

"तिलेच आधी समजलं पायजे," त्या म्हणाल्या. "म्या काही वैरानं नाही देल्ली, मायेनंच देल्ली. मायेनं देल्लेलं कोनी इचारत नाही."

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तेराव्याच्या जेवणाने, तोवर शाळेत जाऊ लागलेल्या ईश्वरीचे पोट बिघडले. काकूंच्या धाकट्या बहिणीने तिला जवळ ओढले, डोळे पुसत पर्समधून गोळी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. पोरीने ती तोंडात टाकली नाही.

"कायची हाय?" तिने विचारले. "लेकरायले चालते का?"

म्हातारी ओशाळली. वंदना दारातच उभी होती. सासू गेल्यापासून ती रडली नव्हती, तेव्हा रडली.