साईमीकाकूने अडवून धरलेली क्षमा

कॉफी करण्यात साईमीकाकूचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं, आणि हट्टीपणातही नव्हतं. नदीकाठच्या प्रार्थनागृहात बैठक असली की तिथलं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. आमच्याकडे कॉफीत चीजचे तुकडे टाकून पितात; ते किती टाकायचे, हेसुद्धा तीच ठरवणार. मी तिची पुतणी, कप विसळायला.

आमच्या पंथात क्षमेसाठी चर्चचा पाळकच लागतो असं नाही. मनावर ओझं असलं की कुणाही विश्वासणाऱ्यापाशी जायचं आणि विचारायचं, "माझ्या पापांची क्षमा झाली असं मानू का?" समोरच्याने गळ्यात हात टाकून सांगायचं, "येशूच्या नावाने आणि रक्ताने क्षमा झाली, असं मान." झालं. बायका कॉफी ओतता ओतताही सांगून मोकळ्या होतात.

शेजारच्या विल्होला मात्र काकूने एवढे चार शब्द सहा वर्षं दिले नाहीत. सहा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ अजून पक्का आहे, असं त्यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं. काकूचा नवरा, आर्मासकाका, बर्फावरची स्कूटर घेऊन निघाला आणि नदीच्या मध्यावर बर्फ फुटून बुडाला. तेव्हापासून विल्हो दर बैठकीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राही.

"साईमीवहिनी, मानू का?"

"थांब, कॉफी उतू जातेय."

बाकीच्यांनी त्याला दहा वेळा क्षमा सांगितली. पण त्याला हवी होती ती तिच्याकडून. मला काकूचा संताप यायचा. एकदा न राहवून म्हणाले, "काकू, सहा वर्षं एकच कॉफी उतू जातेय का गं?"

"तू कप विसळ," ती म्हणाली. मग बराच वेळ ओटा पुसत राहिली आणि आपणहून बोलली, "रोज सकाळी गुडघे टेकते. म्हणते, देवा, त्याला माफ करायचं बळ दे. तर देव मला माझंच दार दाखवतो. आर्मास त्या सकाळी दारातून परत फिरला होता. म्हणाला, बर्फ काळा दिसतोय, नको जायला. मी म्हटलं, विल्हो जातो आणि तुझीच बरी फाटते! मग गेला."

हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. विल्होला माफ केलं असतं, तर दोष तिच्या एकटीच्या पदरात उरला असता. माझा राग तिथेच गळाला.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर काकू एप्रन न सोडता थेट बाहेर बाकांकडे गेली. विल्हो शेवटच्या बाकावर बसला होता. तिने सगळ्यांदेखत त्याला ते सारं सांगितलं आणि विचारलं, "विल्हो, मी मानू का?"

विल्हो हातातली टोपी पिळत उठला.

"वहिनी, मी कुठल्या तोंडाने सांगू? माझीच अजून झालेली नाही."

काकू पाठ फिरवून स्वयंपाकघरात येणार, असंच मला वाटलं. हट्टी बाई. पण तिने दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले आणि ते वाक्य म्हटलं, मध्ये एकदा अडखळून, पण पुरं म्हटलं. तो लहान मुलासारखा रडायला लागला. तिने हात काढले नाहीत.

"आता सांगता येईल तुला," ती म्हणाली. "सांग ना रे, मी थांबलेय."