रुमालाबाहेरचा हात

वामनचं साप्ताहिक जळगावहून टपालाने धुळ्याला आमच्या घरी यायचं. वेष्टनावर 'अक्का' ही अक्षरं ठसठशीत आणि पत्ता मात्र मुंगीएवढा. पोस्टमन दर वेळी माझ्याकडे बघून हसायचा. त्या दिवशी अंक सकाळी आला. शेवटच्या पानावर चौकट होती: पुढच्या अंकात कस्तुरशेठांशी बातचीत. म्हटलं, लागला एकदाचा म्हातारा गळाला! दुपारी ह्यांना ते वाचून दाखवत होते, तेवढ्यात दारात तारवाला. 'वामन अत्यवस्थ, ताबडतोब निघा.' एका हातात त्याचा अंक आणि दुसऱ्या हातात ती तार... मी कितीतरी वेळ तारच खोटी धरून बसले. पुढच्या आठवड्याचं छापून मोकळा झालेला माणूस अत्यवस्थ होईलच कसा? आता या गोष्टीला काही आठवडे झाले, तरी माझी समजूत पटलेली नाही.

वामन माझा पाठचा भाऊ. अमळनेरला वडिलांची कापसाची अडत होती. शेतकऱ्याची गाडी उभी राहिली की वडील आणि घेणारा व्यापारी हातांवर रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. तोंडाने अवाक्षर नाही. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला, आपला कापूस केवढ्याला गेला हे मागाहून सांगणार, आणि शेजारच्या गाडीला काय मिळालं ते कधीच कळणार नाही. आम्ही पोरं तोच खेळ घरी आईच्या पदराखाली खेळायचो, पेरूंचा सौदा. पण वामनच्या तळहाताला भारी गुदगुल्या व्हायच्या. मी बोट दाबलं की हा खिदळत हात बाहेर ओढायचा आणि ठरलेला भाव ओरडून सगळ्या गल्लीला सांगायचा. वडील म्हणायचे, "हा पोरगा अडत बुडवणार." अडत काही त्याने बुडवली नाही, तो तिच्यात पाऊलच टाकेना. स्वातंत्र्यानंतर जळगावात त्याने छापखाना काढला आणि साप्ताहिक सुरू केलं.

त्यात बाजाराच्या बातम्या असायच्या. कोणत्या जिनिंगची चाकं फिरू लागली, फैजपूरकडची केळी कुठे अडली, कोणी नवं दुकान थाटलं. बाजाराच्या फाटकाशी उभा राहून तो परतणाऱ्या गाडीवाल्यांना मिळालेला भाव विचारी आणि छापी. एकदा मीही बरोबर होते. एक म्हातारा बैल थांबवून म्हणाला, "बठ्ठा खेय रुमालखाले शे भाऊ, आम्हले काय दखास?" सगळा खेळ रुमालाखाली, आम्हाला काय दिसणार! वामनने ते वाक्य जसंच्या तसं अंकाच्या मथळ्यावर घातलं. त्या आठवड्यात दोन पेढ्यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि इंदूने, माझ्या भावजयीने, मला चुलीपाशी नेऊन सांगितलं, "अक्का, तुम्ही तरी समजवा." मी कसली समजवते? तो माझं ऐकत असता तर छापखान्यात कशाला गेला असता!

आणि दर अंकात गावातल्या एका मोठ्या माणसाशी बातचीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरपणाला त्याच्याकडे जायची, तेव्हा ओसरीवर हा दरबार भरलेला असायचा. नगरपालिकेचे अध्यक्ष, वकील, डॉक्टर, विणकर मोहल्ल्यातले वडीलधारे. वामन त्यांना शाळा, पाणी, रस्ते असं सगळं विचारायचा, माणूस खुलवायचा आणि शेवटी हळूच, "बाजारातला रुमाल कधी काढायचा?" काही जण हसण्यावारी नेत. एक फार मोठे गृहस्थ गप्पच झाले, तर ह्याने खुशाल छापलं, 'या प्रश्नावर त्यांनी दुसरा चहा मागितला.' मी हसून हसून बेजार झाले होते.

कस्तुरशेठ तेवढे कधी येत नसत. बाजारातले सर्वांत जुने अडते. त्यांनी रुमाल काढला तर बाकीच्यांना तोंड लपवायला जागा राहणार नव्हती. वामन कित्येक वर्षं त्यांच्या मागे होता. आणि त्यांनी होकार दिला, चौकट छापून झाली, तेव्हाच नेमकं हे!

मी एस.टी.ने पोचले तेव्हा त्याची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. वामनची वाचा! मला रडूच येईना. राग आला, कोणावर ते कळेना. मार्गशीर्षातली थंडी, इंदूने त्याच्या गळ्यापर्यंत आमच्या आईच्या हातची गोधडी पांघरली होती. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी कस्तुरशेठ आले. खोलीत आठ-दहा माणसं होती. शेठ स्टुलावर बसले, मग त्यांनी हात गोधडीत घातला आणि वामनचा डावा हात धरला. त्यांचा खांदा किंचित हलला. वडिलांचा खांदा असाच हलायचा... मी ओळखलं. म्हातारा त्याच्या प्रश्नाचं उत्तर देत होता, बोटांनी, गोधडीखाली.

वामन आढ्याकडे बघत होता. त्याने हळूहळू हात बाहेर ओढला, शेठच्या हातासकट. दोन्ही हात गोधडीवर, सगळ्यांच्या समोर आले आणि त्याने मान वळवून शेठकडे पाहिलं.

"आधी बरे व्हा वामनराव, मग निवांत बोलू," शेठ म्हणाले.

वामनने हात सोडला नाही.

शेठनी घसा खाकरला. "बरं. माझ्या अडतीवर यापुढे भाव उघडा बोलीन. या चारचौघांत सांगतो."

वामनचं अर्धं तोंड हललं. इंदू म्हणते, दुखत असेल. मी म्हणते, तो हसला. लहानपणापासून ते हसणं मी ओळखते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो गेला.

त्याचे दिवस उरकल्यावर धुळ्याला निघण्याआधी मी ह्यांना म्हटलं, मला बाजारात न्या. तिथे बायका जात नाहीत; लोक बघत होते, बघू दे. कस्तुरशेठ एका गाडीपाशी उभे होते. सवयीने त्यांचा हात खांद्यावरच्या रुमालाकडे गेला, रुमाल निम्मा उतरलाही. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. त्यांनी रुमालाची घडी करून खिशात घातली आणि भाव बोलले. पण इतके पुटपुटले की गाडीवरचा शेतकरी कान पुढे करून म्हणाला, "काय म्हना शेठ? जरा जोरमा बोला ना!" शेठ लाल झाले. मग त्यांनी भाव असा खणखणीत सांगितला की पलीकडच्या गाड्यांवरची माणसं उठून उभी राहिली. आजूबाजूचे रुमाल काही त्या दिवशी निघाले नाहीत. पण शेठ पुढच्या गाडीपाशी गेले, तिथेही तसंच मोठ्याने बोलले. "ऐकलंस का रे?" म्हणत मी मागे वळले... मागे हे उभे होते.

निघताना इंदूने ती गोधडी मला दिली. धुळ्याला आता पहाटेचा गारठा फार असतो. झोपेत माझा हात गोधडीबाहेर राहतो आणि हे तो उचलून आत घालतात, म्हणतात, "गारठशील." त्यांचा डोळा लागला, की मी हात पुन्हा बाहेर काढून ठेवते.